रुबिडियम वारंवार लॉक सोडतंय? लॅम्पला हात लावण्याआधी हे बघा

जुनं रुबिडियम, म्हणजे अचूक १० मेगाहर्ट्झ देणारं छोटं अणुघड्याळ, थंडीत पाचेक मिनिटांत लॉक होतं, म्हणजे अचूक फ्रिक्वेन्सी धरतं. मार्च लागला की तेच युनिट दहा-पंधरा मिनिटं घेतं. एप्रिलच्या दुपारी लॉक सुटतं, रात्री आपोआप परत बसतं, आणि मे महिन्यात एके दिवशी बसायचंच बंद होतं. काही युनिटं पावसाळ्यात त्रास देतात, काही फक्त करंट जाऊन आला की. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींकडे आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या टेस्टिंगच्या टेबलांवर अशी युनिटं आता बरीच आहेत. बहुतेक मोबाइल टॉवरवरून काढलेली, म्हणजे आपल्या हाती येण्याआधीच दहा-पंधरा वर्षं रात्रंदिवस चाललेली. तक्रार आली की निदान ठरलेलं असतं: लॅम्प गेला. मग झाकण उघडतं, लॅम्प बाहेर येतो, हीट गन सुरू होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की लॅम्प हा शेवटचा संशयित धरा. तो खराब होतो, नक्की होतो. पण त्याच्याआधी तीन गोष्टी तपासायच्या आहेत: सप्लाय, उष्णता आणि क्रिस्टल. तिन्ही झाकण न उघडता तपासता येतात, आणि माझ्या टेबलावर आलेल्या 'लॅम्प गेलेल्या' युनिटांपैकी बरीचशी या तिन्हींतच दुरुस्त झाली.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची प्रत्येक चाचणी त्यावर उभी आहे. काचेच्या छोट्या बल्बमध्ये रुबिडियम आणि थोडा निष्क्रिय वायू असतो. रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या जोरावर तो पेटतो. त्याचा प्रकाश रुबिडियमची वाफ भरलेल्या दुसऱ्या सेलमधून जाऊन फोटोडायोडवर पडतो. त्या सेलला ६,८३४.६८२६१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा मायक्रोवेव्ह बरोबर लागला की अणू जास्त प्रकाश शोषतात आणि फोटोडायोडवरचा प्रकाश किंचित कमी होतो. हा फरक एक टक्क्याच्याही आत असतो. तो मायक्रोवेव्ह एका साध्या क्वार्ट्झ क्रिस्टलवरून तयार होतो. सर्किट क्रिस्टलला हळू खाली-वर झुलवतं, प्रकाशातली ती बारीक घट सापडली की तिथे थांबवतं आणि धरून ठेवतं. हे धरणं म्हणजे लॉक. तुमच्या सॉकेटवर येणारे १० मेगाहर्ट्झ क्रिस्टलचेच असतात, रुबिडियम फक्त त्याचा कान धरून बसलेलं असतं.

अणूंना वय नाही. रुबिडियम-८७ किरणोत्सारी आहे खरं, पण त्याचं अर्धआयुष्य सुमारे ४,९०० कोटी वर्षांचं, त्यामुळे त्याची चिंता ना घड्याळाला ना आपल्याला. म्हातारं होतं ते आजूबाजूचं सगळं: काच, क्रिस्टल, कपॅसिटर, हीटरजवळचं सोल्डर. अंतराळातही यातून सुटका नाही. आयआरएनएसएस-१ए या आपल्या दिशादर्शक उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली होती. पुढे २९ मे २०२३ ला एनव्हीएस-०१ हा नवा उपग्रह अंतराळात गेला, त्यावर अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये घडवलेलं देशी रुबिडियम आहे. ती बातमी वाचली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. एवढ्याशा डब्यात हे काम बसवायला काय लागतं ते आपल्याला रोज टेबलावर दिसतं.

सप्लाय

एलपीआरओ-१०१ हे आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडणारं युनिट. त्याला १९ ते ३२ व्होल्ट चालतात, २४ हे सोयीचं. १९ हा आकडा वाचून लोक लॅपटॉपचा जुना ॲडॅप्टर जोडतात, कारण तो घरात पडलेला असतो. इथेच घोटाळा सुरू होतो. गरम होताना हे युनिट सुमारे १.७ अँपिअर ओढतं. बारीक वायर, ढिली पिन आणि लांब लीड मिळून अर्धा ओहम रोध झाला तरी ०.८५ व्होल्ट वाटेतच जातो. युनिटच्या पिनवर उरतात १८ व्होल्टच्या जरासेच वर. मल्टिमीटर ॲडॅप्टरच्या तोंडाशी लावला तर सगळं ठीक दिसतं.

म्हणून मोजायचं ते युनिटच्या पिनवर, आणि थंड युनिट सुरू केल्याच्या पहिल्या मिनिटात. त्याच वेळी करंटवरही लक्ष ठेवा. चांगलं युनिट सुरुवातीला भरपूर ओढतं, मग आतल्या भट्ट्या (लॅम्प आणि सेल ठरावीक तापमानावर ठेवणारे हीटर) तापल्या की करंट उतरतो आणि एका जागी स्थिर होतो. एलपीआरओ साधारण अर्ध्या अँपिअरच्या आसपास येऊन बसतं. अर्धा तास झाला तरी करंट उतरत नसेल, तर एखादी भट्टी तापतच नाहीये किंवा तिचं नियंत्रण गेलंय. सुरुवातीलाच करंट फार कमी असेल तर हीटरचा ट्रान्झिस्टर किंवा त्याचा सोल्डर जोड बघा. या दोन्ही प्रकारांत लॅम्पचा काही दोष नसतो.

एफई-५६८०ए या दुसऱ्या मॉडेलला १५ व्होल्ट लागतात आणि त्याच्या काही प्रकारांना वेगळे ५ व्होल्टही द्यावे लागतात. बाहेरून सगळी सारखीच दिसतात. ५ व्होल्ट न मिळालेलं युनिट गरम होतं, करंट घेतं, पण पुढे काहीच करत नाही. आपल्या हातात कुठला प्रकार आहे हे कळल्याशिवाय त्याला मेलेलं म्हणू नका.

उद्यमबागमध्ये अजून एक भानगड आहे. शेजारच्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस सुरू झाली की लाइन खचते आणि स्वस्त एसएमपीएसचं (स्विचिंग सप्लायचं) आउटपुट क्षणभर डगमगतं. लॉक तेवढ्याने सुटतं आणि मिनिटाभरात परत बसतं. मालकाला वाटतं लॅम्प लुकलुकतोय. सप्लायच्या आधी चांगला यूपीएस किंवा सप्लायच्या जागी ट्रान्सफॉर्मरवाला लिनियर लावून दोन दिवस बघा. ट्रान्सफॉर्मर मात्र युनिटपासून हातभर लांब ठेवा, त्याचं चुंबकीय क्षेत्र थेट फ्रिक्वेन्सीत मिसळतं.

उष्णता

हे युनिट स्वतःच १०-१५ वॅटची शेगडी आहे. ती उष्णता तळाच्या पत्र्यातून बाहेर जावी अशी त्याची रचना असते, आणि टॉवरवर ते जाड धातूच्या चेसिसला घट्ट आवळलेलं होतं. आपण ते लाकडी टेबलावर नुसतं ठेवतो. आतला सेल ठरावीक तापमानावर धरायचा, तर बाहेरचं तापमान त्याच्यापेक्षा बरंच खाली असावं लागतं. भट्टी फक्त तापवू शकते, थंड करू शकत नाही. तळ ६०-७० अंशांच्या घरात गेला की सेलच्या भट्टीचा हीटर जवळजवळ बंद होतो आणि तापमान आपल्या मर्जीने भरकटायला लागतं. त्याबरोबर फ्रिक्वेन्सी भरकटते, आणि शेवटी लॉक सुटतं.

पत्र्याच्या शेडखाली एप्रिलची दुपार म्हणजे खोलीतच चाळीस अंश. त्यात हीटसिंक नसलेलं युनिट. पुढचा हिशोब सांगायला नको.

उपाय स्वस्त आहे. सहा-आठ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा घ्या, आपल्याकडे मशीन शॉपच्या भंगारात तो सहज मिळतो. एक बाजू सपाट करून घ्या, थर्मल पेस्ट पातळ लावा, युनिटचे सगळे स्क्रू आवळा. एक-दोन स्क्रूवर भागवू नका. तळाला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून दुपारी तीनचं रीडिंग घ्या. पन्नासच्या आत राहिलं तर मी समाधानी असतो. पंखा लावायचाच असेल तर हीटसिंकच्या पंखांवर सावकाश वारा द्या, युनिटच्या अंगावर नको. वारा थेट लागला की तापमान सतत हलतं, आणि तापमानासोबत फ्रिक्वेन्सीचे शेवटचे आकडेही.

क्रिस्टल: ज्याला कोणी विचारत नाही

निपाणीहून एका हॅम मित्राचा फोन आला होता. "अण्णा, रात्रभर बेष्ट चालतंय की ओ. दुपारी बारा वाजले की सोडतंय. सप्लाय बदललो, खाली जाड पट्टी बी टाकलो. आता लॅम्प कुठं मिळतंय तेवढं सांगा." मी म्हटलं, लॅम्प राहू द्या, फ्रिक्वेन्सी मोजणारा काउंटर आहे का जवळ? होता. मग म्हटलं, लॉक सुटलेलं असताना आउटपुटवर काउंटर लावा आणि मला आकडे वाचून दाखवा.

त्याने वाचलेले आकडे साधारण असे होते: ९९,९९,९५८... ९९,९९,९७१... ९९,९९,९८५... ९९,९९,९९४... आणि परत ९९,९९,९६०. पुन्हा वर, पुन्हा ९९४ ला टेकून खाली. एक कोटी हर्ट्झचा आकडा एकदाही आला नाही.

सगळं उत्तर त्यात आहे. लॉक नसताना युनिट क्रिस्टलला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झुलवत असतं आणि वाटेत रुबिडियमची खूण सापडते का ते बघतं. खूण आहे बरोबर एक कोटीवर. झोकाच तिथपर्यंत पोचत नसेल तर लॅम्प कितीही चांगला असो, लॉक होणार कसं? क्रिस्टल वर्षानुवर्षं सरकत जातं. टॉवरवर लॉक कायम असतं तेव्हा सर्किट कंट्रोल व्होल्टेज वाढवून-कमी करून ते सांभाळून घेतं आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. शेवटी व्होल्टेज काठाला येतं. मग थंडीत जेमतेम पुरतं, उन्हाळ्यात तापमानामुळे क्रिस्टल अजून थोडं सरकलं की काठाबाहेर. 'थंडीत चालतं, उन्हाळ्यात सोडतं' या तक्रारीमागचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसलंय.

झोका एक कोटीच्या दोन्ही बाजूंना व्यवस्थित जात असेल आणि तरीही युनिट तिथे थांबत नसेल, तर मात्र क्रिस्टल निर्दोष. मग प्रकाश, सेल, मायक्रोवेव्ह किंवा फोटोडायोडकडे वळायचं. पाच मिनिटांच्या या एका चाचणीने अर्धं निदान होतं, म्हणून काउंटर नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा. हर्ट्झपर्यंत दाखवणारा साधा काउंटरही पुरतो.

क्रिस्टल परत आणायचं ते त्याच्या ट्रिमरने, म्हणजे फ्रिक्वेन्सी जुळवायच्या बारीक स्क्रूने. काही मॉडेलमध्ये ट्रिमरसाठी बाहेरून भोक असतं, काहींत झाकण काढावं लागतं. प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा स्क्रूड्रायव्हर वापरा, कारण लोखंडी टोक लावलं की फ्रिक्वेन्सी आपोआप हलते आणि काढलं की परत जाते. युनिट निदान तासभर तापलेलं असू द्या. केसाएवढं फिरवा, थांबा, झोका बघा. एक कोटी हा आकडा झोक्याच्या मधोमध आला पाहिजे. पहिलं लॉक बसलं म्हणून तिथेच सोडू नका. लॉक बसल्यावर क्रिस्टल कंट्रोल व्होल्टेज मोजा. एलपीआरओला त्यासाठी वेगळी पिन आहे, इतरांत आत शोधावी लागते. ते व्होल्टेज आपल्या पल्ल्याच्या मध्यावर आलं की पुढची बरीच वर्षं निश्चिंत.

निपाणीचं युनिट एवढ्यावरच परत उभं राहिलं. त्यावर तो मित्र क्यूओ-१०० हा हॅम मंडळींचा उपग्रह ऐकतो. पश्चिमेच्या आकाशात २५.९ अंश पूर्व रेखांशावर उभ्या असलेल्या, नोव्हेंबर २०१८ मध्ये अंतराळात सोडलेल्या या उपग्रहाचा सिग्नल १०,४८९ मेगाहर्ट्झवर खाली येतो. तिथे अब्जांत एक एवढी चूक म्हणजेच दहा हर्ट्झ. रुबिडियम कशासाठी, असं विचारणाऱ्याला मी हाच हिशोब सांगतो.

पावसाळ्याचं वेगळं दुखणं

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूला जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते, तिथे सर्किट बोर्डाचं काय होत असेल! फोटोडायोडचा करंट फार बारीक असतो आणि त्याच्या ॲम्प्लिफायरचा इनपुट फार नाजूक. बोर्डावर ओलाव्याची आणि जुन्या फ्लक्सची पातळ साय असली की तिच्यातून गळती होते. लक्षण ओळखायला सोपं: महिनाभर बंद ठेवलेलं युनिट पावसात सुरू केलं की लॉक होत नाही, पण तीन-चार तास चालू ठेवलं की होतं. भट्टीच्या उष्णतेने बोर्ड वाळतं, म्हणून.

आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड धुवा, विशेषतः फोटोडायोडच्या आसपास, आणि नीट वाळवा. कनेक्टरच्या हिरवट पडलेल्या पिना बदला. पावसाळ्यात युनिट बंद ठेवायचं असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. एवढं पुरतं.

आता लॅम्प

सप्लाय ठीक, तळ थंड, झोका एक कोटीच्या दोन्ही बाजूंना, बोर्ड कोरडं, आणि तरी लॉक नाही. आता लॅम्पकडे यायचं.

आधी मोजमाप. एलपीआरओत लॅम्पचं व्होल्टेज दाखवणारी पिन आहे. हे व्होल्टेज म्हणजे फोटोडायोडवर पोचलेल्या प्रकाशाचं माप. एका दिवसाचा आकडा फारसं सांगत नाही, सहा महिन्यांचा उतार मात्र सगळं सांगतो. दर महिन्याला पूर्ण तापल्यावर लिहून ठेवलेला आकडा सातत्याने घसरत असेल तर लॅम्प खरंच थकतोय. तो अचानक शून्यावर आला असेल तर लॅम्पपेक्षा त्याला पेटवणाऱ्या ऑसिलेटरचा संशय घ्या: ट्रान्झिस्टर, सुकलेला कपॅसिटर, उष्णतेने तडकलेलं सोल्डर. भट्टीजवळचे जोड भिंगाखाली बघा. जोडाभोवती बारीक गोल भेग दिसली तर नव्याने सोल्डर करा आणि परत मोजा.

मग डोळ्यांनी बघा. थंड लॅम्प पेटला की आधी आतल्या निष्क्रिय वायूचा फिकट उजेड दिसतो. भट्टी तापते, रुबिडियमची वाफ होते आणि रंग जांभळट-गुलाबी होत जातो. कामाचा प्रकाश ७८० आणि ७९५ नॅनोमीटरचा, तो डोळ्याला जेमतेम दिसतो. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा तो चांगला दिसतो. पूर्ण तापल्यावरही उजेड फिकटच राहत असेल तर दोनच शक्यता: लॅम्पची भट्टी पुरेशी तापत नाही, किंवा आतलं रुबिडियम वाफेत येत नाही. भट्टीचं तापमान मोजून पहिली शक्यता काढून टाका.

रुबिडियम वाफेत का येत नाही, किंवा येऊनही प्रकाश का कमी पडतो? भाताच्या पातेल्यातली वाफ जशी थंड झाकणावर जमते, तसं रुबिडियम बल्बच्या सगळ्यात थंड जागी जमतं. ती जागा मागच्या शेपटीकडे असावी अशी रचना असते. वर्षानुवर्षांच्या चालू-बंदमध्ये धातूचा चंदेरी थर हळूहळू पुढच्या काचेवर येतो आणि स्वतःचाच प्रकाश अडवतो. हीट गन कामाला येते ती इथे. धातू पुढून काढून परत मागे पाठवायचा असतो.

युनिट बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. चुंबकीय कवचाचे पातळ पत्रे असतात, ते वाकवू नका, आपटू नका. धक्क्याने त्यांची अडवायची ताकद कमी होते. डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी. लॅम्प होल्डरला धरून अलगद ओढा, पुढच्या काचेला बोट लावू नका. बल्ब जेमतेम करंगळीच्या नखाएवढा असतो. उजेडात तिरका धरून बघा. पुढच्या काचेवर आरशासारखा चंदेरी पट्टा दिसला तर आशा आहे. तपकिरी किंवा काळसर डाग दिसला आणि गरम केल्यावरही तो जागचा हलला नाही, तर रुबिडियम काचेशी एकजीव झालंय. ते परत येत नाही.

हॉट एअर स्टेशन घ्या, साध्या हीट गनला तापमानाचा अंदाज नसतो. दोनशे अंशांपासून सुरू करून सावकाश वाढवा, हवा पुढच्या काचेवर, शेपटी हवेच्या झोताबाहेर. रुबिडियम ३९.३ अंशांनाच वितळतं, पण वितळून भागत नाही, त्याची वाफ होऊन ते मागे जाऊन बसलं पाहिजे. लक्ष देऊन बघितलं तर चंदेरी पट्ट्याची कड आधी पातळ होते, मग पट्ट्यात भोकं पडतात, आणि काही मिनिटांत समोरची काच स्वच्छ होऊन शेपटीच्या टोकाला एक बारीक चमकदार ठिपका गोळा झालेला असतो. हा ठिपका दिसला की मला प्रत्येक वेळी समाधान वाटतं. आता झोत हळूहळू कमी करा. काच पुढून शेवटी थंड झाली पाहिजे, नाहीतर धातू परत तिथेच येऊन बसेल. गरम बल्ब थंड धातूवर टेकवू नका, फुंकर मारू नका.

बल्ब फुटलाच तर पाणी अजिबात लावू नका. आत रुबिडियम अगदी कणभर असतं, पण ते ओलाव्याशी जोरात प्रतिक्रिया देतं. बाजूला व्हा, खोलीत हवा येऊ द्या, थोड्या वेळाने चिमट्याने काचा गोळा करा.

लॅम्पच्या ऑसिलेटरचं व्होल्टेज वाढवून मरता लॅम्प भडकवण्याचा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. तो ऐकू नका. उजेड काही दिवस वाढतो, काच अजून वेगाने खराब होते, आणि प्रकाश बदलला की फ्रिक्वेन्सीही सरकते. दुसऱ्या मेलेल्या युनिटमधून लॅम्प काढून बसवणं त्यापेक्षा केव्हाही चांगलं. तेव्हाही फ्रिक्वेन्सी थोडी बदलते, पण ती परत जुळवता येते.

लॉक बसलं, पुढे काय

लॉकचा दिवा लागला म्हणजे युनिट बरोबर आहे असं होत नाही. तो दिवा एवढंच सांगतो की खूण सापडली. लॅम्पला गरम केलं, ट्रिमर फिरवला, कपॅसिटर बदलला, यातल्या कशानेही फ्रिक्वेन्सी थोडी हलू शकते. त्यामुळे निदान पूर्ण एक दिवस चालू ठेवा, मगच तुलना करा. बरेच महिने बंद असलेल्या युनिटला दोन-चार दिवस द्या.

तुलनेला जीपीएसवर चालणारं १० मेगाहर्ट्झचं ऑसिलेटर आणि दोन चॅनेलचा स्कोप पुरतो. ट्रिगर जीपीएसच्या चॅनेलवर ठेवा. रुबिडियमची लाट पडद्यावर सावकाश डावीकडे किंवा उजवीकडे सरकेल. १० मेगाहर्ट्झची एक पूर्ण लाट म्हणजे १०० नॅनोसेकंद. तेवढी सरकायला १,००० सेकंद, म्हणजे सतरा मिनिटांच्या आसपास लागले, तर चूक दहा अब्जांत एक. १०,००० सेकंद लागले तर शंभर अब्जांत एक. जीपीएसची स्वतःची लाटही काही दहा नॅनोसेकंदांनी थरथरते, म्हणून पाच मिनिटं बघून निकाल देऊ नका. रात्रभर बघा. शंभर अब्जांत एक एवढी चूक दिवसभरात ८६४ नॅनोसेकंदांची होते, आणि तेवढी कुठल्याही थरथरीतून स्पष्ट दिसते.

जुळवणी सी-फील्डने करायची, म्हणजे सेलभोवतीच्या गुंडाळीतला करंट किंचित बदलून. अब्जांत काही एवढाच त्याचा पल्ला असतो. तेवढ्यात बसत नसेल तर सी-फील्ड टोकाला ओढून भागवू नका, आत अजून काहीतरी बिघडलेलं आहे. एलपीआरओत बाहेरून ० ते ५ व्होल्ट देऊनही हे करता येतं, पण मग ते व्होल्टेज स्वतः स्थिर असावं लागतं. चांगला रेफरन्स आयसी वापरा, सप्लायवरून पोटेन्शिओमीटर टाकून चालत नाही. जुळवणी झाल्यावर युनिटची दिशा बदलू नका, शेजारी स्पीकर ठेवू नका.

मदतीसाठी कुणाला विचाराल तेव्हा 'लॉक होत नाही' एवढंच सांगू नका. युनिटच्या पिनवरचं व्होल्टेज सुरुवातीला आणि अर्ध्या तासाने, दोन्ही वेळचा करंट, दुपारी तीनला तळाचं तापमान, झोक्याची दोन्ही टोकं आणि लॅम्पचं व्होल्टेज, एवढं लिहून द्या. ही रीडिंग्ज समोर असली की बहुतेक वेळा लॅम्प कुठे मिळतो हा प्रश्न विचारावाच लागत नाही. आणि लॅम्प खरंच गेलेला निघाला, तर ते युनिट भंगारात टाकू नका. त्यातला वाफेचा सेल, फोटोडायोडचं बोर्ड आणि कवच दुसऱ्या कुणाच्या युनिटला उपयोगी पडतं. बेळगाव भागात कुणाला हवं असेल तर एकमेकांत देवाणघेवाण करू.